जूनमधले तीन न्याय

१ जून जवळ आला की उत्तनच्या किनाऱ्यावर नौका ओढून शाकारल्या जातात. जाळी धुऊन, सुकवून माळ्यावर जातात आणि पुढचे ६१ दिवस यांत्रिक नौकेने मासेमारीला जाणे हा गुन्हा ठरतो. कारण हे दिवस माशांच्या विणीचे. त्यानंतर आठ-पंधरा दिवसांत पहिला दमदार पाऊस होतो, ओढे गढूळ होऊन वाहू लागतात आणि याच ठाणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, बदलापूर-मुरबाड-शहापूरच्या शिवारात, माणसे पाग, काठ्या, घमेली, जुन्या मच्छरदाण्या, जे हाती लागेल ते घेऊन पाण्यात उतरतात. त्यांचेही कारण तेच: मासे विणीला चढलेले असतात. याला वलगण म्हणतात. गाभोळीने टच्च भरलेले वलगणीचे मासे कल्याणच्या बाजारात आणि हमरस्त्याच्या कडेला हातोहात खपतात. त्याबद्दल कुणी कुणाला जाब विचारत नाही. तिसरा प्रकार त्याच शिवाराच्या बांधावरचा. तिथे त्याच दिवशी एखाद्याने फास लावून लावा पकडला, तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जिल्हा एक, महिना एक, आणि विणीवर आलेल्या जिवाला न्याय मात्र तीन.

ही विसंगती दाखवली की दोन ठरलेली उत्तरे येतात. एक म्हणते, सगळ्यालाच बंदी घाला. दुसरे म्हणते, पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, चालू द्या. दोन्ही उत्तरांना विचार करावा लागत नाही, हा त्यांचा मोठा गुण. रानातला किंवा पाण्यातला जीव कधी घ्यावा, कुणी घ्यावा आणि किती घ्यावा हे तीन वेगळे प्रश्न आहेत. कायद्याने त्यांच्यासाठी तीन वेगळी हत्यारे घडवली: हंगाम, परवाना आणि मर्यादा. तिन्हींच्या बुडाशी एक नीरस गोष्ट असते, ती म्हणजे नोंद. काय घेतले, किती घेतले, कुठून घेतले, हे कुठेतरी लिहिले गेले तरच पुढच्या वर्षीचा हंगाम शहाणपणाने ठरतो. ठाणे जिल्ह्यात गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत हे नियम कसे आले आणि कसे गेले ते पाहताना मला असे दिसते की, जिथे नोंद ठेवण्यात कुणाचा तरी रोकडा स्वार्थ होता तिथे नियम तगला. जिथे तसा स्वार्थ नव्हता तिथे नियम मऊ असो की कडक, कागदावरच राहिला.

विणीच्या हंगामाची कल्पना आपल्याकडच्या कायद्यात प्रथम ठळकपणे आली ती पक्ष्यांसाठी. १८८७चा वन्य पक्षी संरक्षण कायदा रानात शिपाई पाठवत नव्हता; त्याने हात घातला तो बाजारात. नगरपालिकेच्या आणि छावणीच्या हद्दीत, विणीच्या काळात नुकताच मारलेला किंवा पकडलेला ठरावीक जातीचा पक्षी जवळ बाळगायला आणि विकायला मनाई करणारे नियम करता येतील, एवढेच तो सांगत होता. ठाणे आणि कल्याण या दोन्ही गावांना तेव्हा नगरपालिका होत्या, म्हणजे हा कायदा लागू करण्याजोगे चौकटीतले बाजार इथे होते. रान अफाट आणि बाजार एवढासा; पहारा द्यायचाच तर तो कुठे द्यावा, हे त्या कायद्याच्या कर्त्यांना नीट कळले होते. १९१२च्या कायद्याने पुढे जाऊन जातींची यादीच दिली: बदके, माळढोक, रानकोंबडे, तितर, मोर, लावे, पाणलावे. या यादीत बगळे, खंड्या आणि नीलपंखही होते. त्यांना ताटात वाढणारे फारसे कुणी नव्हते, पण त्यांच्या पिसांना युरोपातल्या बायकांच्या टोप्यांवर मोठा भाव होता. प्रांतिक सरकारने ‘बंद काळ’ जाहीर करायचा, त्या काळात या पक्ष्यांना मारणे, पकडणे, विकणे गुन्हा, आणि पहिल्या खेपेला दंड ५० रुपयांपर्यंत.

हे कायदे करा म्हणणाऱ्यांत पक्षीप्रेमी होते तसे बंदूकवालेही होते, किंबहुना पुष्कळदा ती एकच माणसे होती. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सुरुवातीच्या सभासदांत शिकारीचा नाद असलेले कितीतरी होते. सालिम अलींचे पक्षिजीवनही छर्ऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या, गळ्यावर पिवळा डाग असलेल्या एका चिमणीची ओळख पटवून घेण्यातून सुरू झाले. यात शिकारीचे कौतुक करण्यासारखे काही नाही. मुद्दा एवढाच की, ज्याला पुढच्या वर्षी पुन्हा बदके मारायची होती त्याला यंदा बदके किती आली याची चिंता होती. त्याची वही स्वार्थी होती, पण ती भरलेली असे.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५१ साली वन्य पशू आणि वन्य पक्षी यांच्या संरक्षणाचा स्वतःचा कायदा केला आणि प्राणी, पक्षी, शिकारीचे परवाने यांचा एकत्र विचार करून राज्य पातळीवर सल्लागार मंडळही नेमले. देशातल्या या प्रकारच्या कायद्यांत तो आघाडीचा होता. १९७२ साली केंद्राचा वन्यजीव संरक्षण अधिनियम आला. आज तो संपूर्ण शिकारबंदीचा कायदा म्हणून ओळखला जातो, पण जन्मतः तो तसा नव्हता. त्याच्या मूळ मसुद्यात परवान्यांची पुरी उतरंड होती: विशेष शिकार, मोठी शिकार, छोटी शिकार आणि जिवंत पकडण्याचा परवाना. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांना हात लावायचा नाही. बाकीच्यांसाठी मुख्य वन्यजीव रक्षकाकडे अर्ज करायचा. लावे-तितर छोट्या शिकारीत मोडत. बंद काळात शिकार नाही, धावत्या गाडीतून नाही, कृत्रिम प्रकाशझोतात नाही, विष घालून नाही. सगळ्यांत महत्त्वाचे कलम दहावे: परवानाधारकाने मारलेल्या-पकडलेल्या प्राण्यांची नोंद ठेवायची आणि ती ठरावीक मुदतीत कळवायची.

१९९१च्या दुरुस्तीने हे सारे पुसले. शिकारीचे परवाने गेले, बंद काळ गेला, दहावे कलमही गेले. नवव्या कलमात एक साधे वाक्य उरले की, पहिल्या चार अनुसूचींतल्या कोणत्याही प्राण्याची शिकार करायची नाही. २०२२च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेरमांडणी झाली, दंड वाढला, पण गाभा तोच राहिला. बंदीची गरज होती यात मला शंका नाही. परवाना हा त्या काळी बहुतेकदा एका बंदुकीआड दहा बंदुका लपवण्याचा आडोसा होता, आणि ठासणीच्या बंदुकांचे शेतीसंरक्षण परवाने शेताच्या बांधावर कधी थांबले नाहीत. परंतु परवान्याची पद्धत का फसली, हे न विचारताच आपण ती मोडली. ती फसण्याचे कारण तिच्या रचनेतच होते. परवान्याची फी जात होती सरकारी तिजोरीत; तिच्यातला पैसा रानाच्या वाट्याला येईलच याची हमी नव्हती. नोंद करायची शिकाऱ्याने, पण त्या नोंदीवर पुढच्या वर्षी त्याला किती पक्षी मिळणार हे अवलंबून नव्हते. खोटी नोंद केल्याने त्याचे काही बिघडत नव्हते आणि खरी केल्याने काही साधत नव्हते. अशी वही कोण भरेल?

हीच गोष्ट उलट्या बाजूने पाहायची असेल तर अमेरिकेतल्या रानटर्कीकडे जावे लागते. आपल्या रानकोंबड्याच्या आणि मोराच्या कुळातला हा थोराड पक्षी बेसुमार शिकारीने आणि जंगलतोडीने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लाख-दोन लाखांवर आला होता. पुढे तो साठ-सत्तर लाखांपर्यंत वाढला आणि तोही शिकार सुरू असताना. त्यांची वसंतातली शिकार तर ऐन विणीच्या हंगामात चालते, आणि आपल्याला हे ऐकूनच चमत्कारिक वाटते. पण तिच्यातली मेख अशी की शिकार करायची ती नराची. एक नर अनेक माद्यांशी जुळतो. माद्या अंड्यांवर बसल्या की काही नर कमी झाल्याने पिलावळीवर फार परिणाम होत नाही. म्हणून प्रत्येक राज्य आपापल्या भागात माद्या कधी अंड्यांवर बसतात ते पाहून तारखा ठरवते. शिकाऱ्याला नग मोजून चिठ्ठ्या मिळतात आणि पक्षी मारला की बहुतेक राज्यांत ते सरकारला कळवावे लागते. मिसुरी राज्यात अशी आधुनिक वसंत-शिकार १९६० साली सुरू झाली. पैशाची व्यवस्था त्याआधीच लागली होती. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर थेट राज्यांच्या वन्यजीव विभागांकडे वळवला, आणि परवान्याची फी दुसरीकडे वळवणाऱ्या राज्याला या पैशापासून वंचित ठेवले. गेल्या काही वर्षांत आग्नेयेकडच्या राज्यांत टर्की पुन्हा घटू लागली तेव्हा टेनेसीने २०२३ साली हंगाम दोन आठवडे पुढे ढकलला आणि माणशी तीनऐवजी दोनच नरांची मुभा ठेवली. हे बरोबर की चूक यावर तिथे वाद आहेत. पण वाद घालायला हातात आकडे आहेत, आणि ते शिकाऱ्यांनीच पुरवलेले आहेत.

यावर कुणी म्हणेल, मग ठाण्यातही लाव्या-तितरांचे परवाने पुन्हा सुरू करा की. नाही. टर्कीचा हिशेब जमतो तो विस्तीर्ण रान, विरळ वस्ती आणि लाखांनी पक्षी असताना. मुंबई-ठाण्याच्या सावलीत, जिथे दरवर्षी माळ आणि गवताळ डोंगरउतार बंगल्यांच्या वसाहतींखाली जात आहेत, तिथे छोट्या शिकारीचा परवाना म्हणजे उरल्यासुरल्याचा लिलाव ठरेल. शिवाय पक्ष्यांच्या बाबतीत एक चांगली गोष्ट घडली आहे: शिकाऱ्याची वही बंद झाली तिथे निरीक्षकाची वही उघडली. १९८७पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. २०२३च्या भारतीय पक्ष्यांच्या स्थितीवरील अहवालाला सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींचा आधार होता. ठाणे खाडीचा मुंबईच्या बाजूचा भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ साली खाडी रामसर यादीत गेली, त्यामागेही वर्षानुवर्षे चिखलात उभे राहून पक्षी मोजणाऱ्यांचे काम होते. पक्ष्यांची बंदी जितकी चालते तितकी ती या मोजणाऱ्यांमुळे चालते. जिथे ते पोचत नाहीत, म्हणजे मुरबाडच्या माळावर, तिथे ती एखाद्या गलोलवाल्या पोरापलीकडे फारशी कुणाला जाणवत नाही.

आता समुद्राकडे वळू. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय दर्यात जायचे नाही हा कोळ्यांचा रिवाज कायद्याच्या कितीतरी आधीचा. चेंदणीपासून उत्तनपर्यंत तो सारखाच. १९८१च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायद्याने त्याला परवान्याची आणि दंडाची जोड दिली. आजचा बंद काळ १ जून ते ३१ जुलै असा आहे. बिगरयांत्रिक होड्यांना त्यातून सूट आहे, म्हणजे खाडीत हाताने वल्हवत जाणाऱ्याच्या पोटावर पाय येत नाही. २०२१च्या दुरुस्तीने एलईडी दिव्यांच्या मासेमारीसारख्या गुन्ह्यांचे दंड लाखांच्या घरात नेले. २०२३ साली पापलेटला राज्य मासा केले आणि ५४ जातींसाठी पकडण्याजोगी किमान लांबी ठरवली. पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर. हे सगळे जिथल्या तिथे पाळले जाते असे कुठलाही कोळी म्हणणार नाही. पर्ससीनवाल्यांशी पारंपरिक मच्छीमारांचे भांडण जुने आहे आणि बारीक आसाच्या जाळ्यांत लहान पापलेट आजही येतात. तरीही ६१ दिवस किनारा मोठ्या प्रमाणात थांबतो, ही साधी गोष्ट नव्हे. तो थांबतो, कारण प्रत्येक यांत्रिक नौकेला क्रमांक आहे, मालकाला परवाना आहे, आणि तो परवाना चालू असला तरच सहकारी सोसायटीमार्फत डिझेलवरच्या कराचा परतावा मिळतो. परवाना गेला तर परतावा गेला. शिवाय शेजारच्या गावची नौका बंदीत बाहेर पडली की पहिली ओरड सरकारी गस्तीची नसते, दुसऱ्या कोळीवाड्याची असते.

समुद्राच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आपल्याकडे आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था किनाऱ्यावर उतरणाऱ्या मासळीचे दरवर्षी अंदाज काढते. २०१९ साली महाराष्ट्राची सागरी मासळी २.०१ लाख टनांवर आली आणि तो ४५ वर्षांतला नीचांक होता. बंदी असूनही असे झाले, म्हणजे बंदी निरुपयोगी, असा अर्थ काही जण काढतात. मी उलटा काढतो. वादळांचे वर्ष, बेसुमार जाळी, तापणारे पाणी यांपैकी कशाचा किती वाटा, हा वाद आपण घालू शकतो तो ४५ वर्षे कुणीतरी बंदरावर उभे राहून मासळी मोजली म्हणून. उल्हास, काळू आणि भातसा या नद्यांतल्या माशांबद्दल असा वाद घालताच येत नाही. तिथे नीचांक कधी येऊन गेला हे कळायला आधी आकडा हवा.

वलगणीची गोष्ट इथे सुरू होते. नदीतले मासे उन्हाळाभर डोहांत दबा धरून असतात. पहिल्या पुराचे गढूळ पाणी आले की ते प्रवाहाच्या उलट चढतात. ओढ्यातून नाल्यात, नाल्यातून भातखाचरात. शिवडा, मरळ, मुऱ्या अशा जातीजातींची चाल वेगळी, पण रोख एकच: उथळ, कोमट, संथ पाणी, जिथे अंडी वाहून जात नाहीत आणि पिलांना खाणे मिळते. पाणी ओसरताना पिले परत नदीला लागतात. हा सगळा खेळ पावसाच्या पहिल्या काही दिवसांचा. म्हणजे टर्कीच्या शिकारीत जे टाळण्यासाठी एवढा खटाटोप केला जातो, नेमके तेच इथे आपण करतो; अंड्यांनी भरलेली मादी अंडी घालायला निघालेली असताना वाटेतच उचलतो. पूर्वीही उचलत होतो. फरक एवढा की तेव्हा नदी मोकळी होती, हत्यार बांबूचे होते आणि खाणारे तोंड त्याच गावातले होते. आता ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आणि रस्त्यांखालच्या मोऱ्या आहेत. त्यांच्या पायथ्याशी चढू न शकलेले मासे गोळा होतात आणि घमेल्याने उपसावेत इतके सहज सापडतात. आणि खाणारे तोंड डोंबिवलीच्या सातव्या मजल्यावर आहे.

कायदा नव्हता असेही नाही. १८९७च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्याने पाण्यात सुरुंग फोडणे आणि विष कालवणे हे गुन्हे ठरवले होते. जाळ्यांच्या आसाचा आकार आणि पाण्यात अडवून लावायची साधने यांवर प्रांतांना नियम करता येत होते. एखादे पाणी दोन वर्षांपर्यंत पूर्ण बंद ठेवण्याचीही सोय होती. म्हणजे पाणी काही काळ बंद ठेवण्याचे हत्यार सव्वाशे वर्षे जवळ आहे. वलगणीवर ते चालत नाही, कारण ओढ्याला बंदर नसते. नौका नाही म्हणून क्रमांक नाही, सोसायटी नाही म्हणून परतावा नाही, आणि एका पावसापुरता मासेमार झालेल्या माणसाला परवाना कसला द्यायचा? मत्स्यव्यवसाय खात्याचा निरीक्षक मुरबाडच्या प्रत्येक ओहोळावर उभा राहू शकत नाही, आणि राहिलाच तर त्याच्या हाताला लागेल तो कातकरी.

हाच पहिला गंभीर आक्षेप, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. कातकरी हा महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक. इंग्रजांनी त्यांना गुन्हेगार जमातींत घातले. स्वतंत्र भारताने त्यांच्या फास-गलोलीला गुन्हा ठरवले. १९७२च्या कायद्यात आदिवासींचा शिकारीचा हक्क राखून ठेवला आहे तो फक्त निकोबारमधल्या जमातींचा. शहापूर-मुरबाडच्या ठाकर-कातकऱ्यांना तशी सवलत कधी नव्हती. वीटभट्टीवरून परतलेल्या कुटुंबाला जूनमध्ये भात लावणीच्या कामाआधी जे चार दिवस फुकट प्रथिने मिळतात ती वलगणीची. त्यावर बंदी आणणे म्हणजे तिसरा गुन्हा त्यांच्या नावावर चढवणे. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे आणि म्हणूनच ओढ्यावरची बंदी मला नको आहे. पण आक्षेप घेणारे बऱ्याचदा खाणारा आणि विकणारा यांच्यातला फरक पुसतात. घरी रांधायला दोन शेर मासे नेणारी बाई आणि टेम्पोने कल्याणला माल पाठवणारा व्यापारी यांना एकाच ‘परंपरे’च्या छत्रीखाली उभे करणे ही परंपरेची सोय आहे, तिचा आदर नव्हे. ओढ्यावरचा ताण वाढला तो भुकेने नाही, शहरातल्या हौसेने. मग पहारा १८८७च्या कायद्याने दाखवलेल्या जागीच असावा: बाजारात.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. मासे संपतात ते पाग टाकणाऱ्यांमुळे नव्हे, नद्या नासवणाऱ्यांमुळे, असे म्हटले जाते आणि ते खरे आहे. वालधुनीची गटारगंगा झाली ती उल्हासनगर-अंबरनाथच्या सांडपाण्याने. उल्हासच्या प्रदूषणाचे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे आणि सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. डोंबिवलीच्या रासायनिक कारखान्यांचे पाणी कुठे जाते हे खाडीकाठच्या कोळ्यांना कुणी शिकवायला नको. पक्ष्यांचेही तसेच. २० मे २०२४च्या रात्री घाटकोपरजवळ एका प्रवासी विमानाच्या धडकेने जवळपास ४० फ्लेमिंगो मेले. त्यांना मारायला फासेपारध्याची गरज पडली नाही. तरीही या आक्षेपातून ‘मग मासेमारीची नोंद कशाला’ हा निष्कर्ष निघत नाही. नदी जितकी नासते तितकी उरलेल्या प्रत्येक मादीची किंमत वाढते, ही झाली एक बाजू. दुसरी बाजू कोर्टातली आहे. २०१५ साली हरित लवादाने उरणच्या १६३० मच्छीमार कुटुंबांना बंदराच्या विस्ताराने झालेल्या नुकसानीपोटी ९५ कोटी १९ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. तिथे कुटुंबे मोजता आली, धंदा दाखवता आला, म्हणून तो बुडाल्याचेही दाखवता आले. काळू-भातसेच्या काठच्या माणसाने उद्या असा दावा लावला तर तो काय दाखवणार? ज्या पकडीची नोंद नाही ती कायद्याच्या लेखी कधी झालीच नाही, आणि जी झाली नाही ती बुडालीही नाही. कारखानदाराच्या वकिलाला याहून सोपा खटला मिळणार नाही. नोंद ही मासेमारावरची नजर आहे तशीच त्याच्या हातातला पुरावाही आहे.

तिसरा आक्षेप सरकारी थाटाचा: इतक्या लहान, विखुरलेल्या गोष्टीचे नियमन कोणती यंत्रणा करणार? खात्याने करू नये, हे माझे उत्तर. २००६च्या वनहक्क कायद्याने शिकारीचा पारंपरिक हक्क स्पष्ट शब्दांत वगळला आहे, पण मासे आणि पाणवठ्यांतले इतर उत्पन्न यांवरचा सामूहिक हक्क तितक्याच स्पष्टपणे दिला आहे. त्याच कायद्याचे पाचवे कलम ग्रामसभेला पाणलोट आणि जलस्रोत राखण्याचा आणि सामूहिक वनसंपत्तीच्या वापराचे नियम करण्याचा अधिकार देते. म्हणजे विणीच्या पहिल्या आठवड्यात अमुक मोरीच्या तोंडाशी पाग टाकायचा नाही, खाचरात चढलेल्या माशाला हात लावायचा नाही, घरापुरते घ्यायचे पण विकायचे नाही, असे ठराव सामूहिक वनहक्क मिळालेले गाव आज करू शकते. हे काही हवेतले बोलणे नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने मासेमारीचा अभ्यासगट बसवला आणि विष कालवून मासे मारणे गावानेच थांबवले. आणि इतके लांब जायचीही गरज नाही. वाडा तालुक्यातले तिळसे, जे २०१४ साली पालघर वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच होते, तिथे वैतरणेच्या पात्रात शंकराच्या देवळापाशी महसीर जातीचे मासे पिढ्यान्‌पिढ्या राखलेले आहेत. देवाचे मासे म्हणून त्यांना कुणी धरत नाही. भाविक त्यांना खाऊ घालतात. परवाना नाही, दंड नाही, निरीक्षक नाही. पण डोह ठरलेला आहे, मासा ओळखीचा आहे आणि कुणी पाग टाकलाच तर बघणारे शंभर डोळे आहेत.

तिळशाच्या बाबतीत माझी एकच कुरकुर आहे, ती श्रद्धेच्या पल्ल्याची. ती त्या डोहापुरती थांबते. देवळासमोरचा मासा देवाचा, आणि तोच मासा पुरात दोन मैल वर गेला की गाभोळीचा. हंगामाच्या नियमाचे काम हे दोन मैल भरून काढण्याचे आहे, आणि ते भरायला ग्रामसभेच्या ठरावाला बाजाराची जोड लागते. कल्याण-डोंबिवली महापालिका रस्त्यावर बसणाऱ्या विक्रेत्यांकडून बाजार फी घेते आणि पावती फाडते. जूनच्या त्या दोन-तीन आठवड्यांपुरते पावतीवर माशाचे नाव, अंदाजे वजन आणि कोणत्या नदीकाठचा, एवढे तीन रकाने वाढवायचे. पहिल्या वर्षी कुणाला अडवायचे नाही, दंड करायचा नाही, टोपली जप्त करायची नाही; कातकरी बाईला तर फीही माफ करावी. दोन-तीन पावसाळ्यांच्या पावत्या जमल्या की शिवडा कुठून येतो, मरळ कुठून येत नाही आणि कोणत्या आठवड्यात टोपल्यांत गाभोळी जास्त असते ते दिसू लागेल. मग कोणता आठवडा बंद ठेवायचा हे मुरबाडच्या ग्रामसभांना मंत्रालयातून कुणी सांगावे लागणार नाही.